वजा केलेला आवाज

आई चुकीच्या जागी हसली. रविवारचं जेवण चाललं होतं. दादा त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगत होता, ताई त्याला तोडून कुठल्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं ते सांगत होती, धाकट्याचं फोनवर कुणाशी तरी वाजलं होतं, आणि आई सुपाचा चमचा हवेत धरून छान मनमोकळं हसली. मग दादा म्हणाला, "अगं, माणूस मरायला टेकलाय आणि हसतेस काय?" आईनं आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. "नाही, मला वाटलं..." एवढं म्हणून तिनं चमचा खाली ठेवला. ताईनं विषय बदलला, ते तिला जमतं. मला मात्र आधी भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, तिच्या पाठोपाठ आनंदही झाला. कारण दोन महिन्यांपूर्वी मी या घरात आले होते ते आईला एक गोष्ट सांगायला. ती सिंकपाशी पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून, माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ न बोलताच, म्हणाले होते, "आई, तो आता यायचा नाही." ती वळली नाही. बशी विसळली, उपडी घातली, पुढची घेतली. मी वाट पाहिली. किती वेळ ते मला आजही सांगता येईल, पाच बश्या आणि एक पातेलं. मग चप्पल घालून निघून आले आणि त्यानंतर नुसत्या रविवारीच, चौघांच्या घोळक्यात तिच्यासमोर गेले. मला वाटलं होतं तिनं ऐकलं आणि बोलायचं नाही असं ठरवलं. आणि आज ती हसली. म्हणजे त्या दिवशी तिला ऐकूच गेलं नव्हतं! दोन महिने मी कुणावर रागावून बसले होते, तर एका बंद पडलेल्या कानावर.

कानाच्या डॉक्टरनं पंधरा मिनिटांत निकाल दिला. डावा कान पूर्ण गेलाय, उजवा निम्मा. "यंत्र लावता येईल," तो म्हणाला, "पण यंत्र सगळ्यांनाच मोठं करतं. चार माणसं एकदम बोलली की यांना गलकाच ऐकू येणार. दिशा कळायला दोन कान लागतात." हे तो मला सांगत होता. मला! मी वीस वर्षं दुसरं काय करते? पण हे घरात कुणालाच माहीत नाही म्हटल्यावर त्याला तरी कसं असणार? दादा लोकांना सांगतो, "ती मोबाइलचं काहीतरी करते," आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी कोपऱ्यावर दुकान टाकून फुटक्या काचा बदलून देते. काम तसं सांगायला सोपं आहे. टॉवर तुमच्याशी बोलतो तेव्हा एकटा बोलतो, पण तुम्ही टॉवरशी बोलता तेव्हा सगळे एकदम बोलता. सोळा फोन, एकाच क्षणी, एकाच लहरीवर. वर चौसष्ट अँटेना असतात आणि प्रत्येकीच्या पदरात त्या सोळांची सरमिसळ पडते, पण प्रत्येकीची सरमिसळ जराशी निराळी. त्या निराळेपणावरून कोण कुठून काय बोललं ते गणितानं सोडवायचं. शिवाय आवाज सरळ येत नाही. भिंतींना, टाक्यांना, समोरच्या इमारतीला आपटत येतो, एकाच शब्दाच्या चार प्रती मागेपुढे पोचतात, एकीच्या शेपटावर दुसरीचं तोंड. त्या पुन्हा एकावर एक बसवून घ्यायच्या. म्हणून फोन काही बोलण्याआधी एक ठरलेली खूण पाठवतो, टॉवरला आधीपासून पाठ असलेली. खुणेत नवं काहीच नसतं. ती येताना कुठे वाकली, कुठे फाटली तेवढं बघायचं आणि वाटेत काय काय आहे ते ओळखायचं.

हे शिकले तेव्हा वर्गातले बाकीचे आ वासून बसले होते, मला काही नवल वाटलं नाही. शाळेतून आल्यावर मी दारातून फक्त "आई" म्हणायचे. शब्द रोजचाच. आणि आतून ती म्हणायची, "कुणाशी भांडलीस?" किंवा "पेपर अवघड होता ना?" किंवा नुसतंच, "ये." आम्ही चौघं तिच्याभोवती एकाच वेळी तोंड सोडायचो. दादाची तक्रार, ताईची चुगली, धाकट्याचं रडणं, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी मी. ती आमच्याकडे पाठ करूनच चौघांना चार उत्तरं द्यायची, आणि माझं उत्तर बरोबर असायचं. बाकी सगळे मला मौनी म्हणायचे. वयानं मी तिसरी, आवाजानं चौथी. दादा म्हणायचा, "मौनीला काही हवं असलं तर लेखी अर्ज द्यावा." आई म्हणायची, "मला ऐकू येतं तिचं, तू आपलं बघ." या एका वाक्यावर मी लहानाची मोठी झाले म्हटलं तरी चालेल. आपल्याला मोठ्यानं बोलावंच लागणार नाही, कुणीतरी ऐकणारं आहे, ही चैन मी पंचेचाळीस वर्षं केली.

आणि तोही तसाच ऐकायचा. नाव घ्यायची सवय मला कधी नव्हती, ऑफिसात सगळे त्याला टॉवरवाला म्हणायचे, मीही तेच म्हणायचे, तोंडावरसुद्धा. आमच्या अँटेना वर चढवायचं, वाऱ्यात बोल्ट आवळायचं काम त्याचं. वरून फोन करायचा तेव्हा वाऱ्यानं अर्धं बोलणं खाल्लेलं असायचं, तरी मला कळायचं. नऊ वर्षं. त्याची बायको दुसऱ्या गावी, कागदावर बायको, बाकी कशात नाही, असं तो म्हणायचा आणि ते खरं होतं. मग ती आजारी पडली, मोठंच काहीतरी निघालं, तिला दुसरं कुणी नाही, आणि एका दुपारी त्यानं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला ते सांगितलं. मी म्हणाले, जा. दुसरं काय म्हणणार? त्याच्या जागी मीही गेले असते. यात वाईट कुणीच वागलं नाही, हेच तर अवघड आहे. कुणी वाईट वागलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. आईनं त्याला एकदा पाहिलं होतं, तिच्या बाल्कनीतलं इंटरनेटचं खोकं वाऱ्यानं लोंबायला लागलं तेव्हा मी त्याला घेऊन गेले होते, "ऑफिसातला माणूस" म्हणून. तिनं चहा दिला. तो गेल्यावर काही विचारलं नाही, इतकंच म्हणाली, "साखर कमी घेतो वाटतं तो." त्या वाक्यात तिला सगळं कळलंय हे मला कळलं आणि मला कळलंय हे तिला. मग बोलायचं काय राहिलं? असं आमचं चालायचं.

ते आता बंद. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. मी घरी प्रयत्न करून पाहिला, हसू नका, दार लावून, भिंतीकडे तोंड करून. "आई, तो गेला." जरा मोठ्यानं. आणखी मोठ्यानं. तिसऱ्या वेळी ते स्टेशनवरच्या घोषणेसारखं ऐकू यायला लागलं आणि मलाच माझी लाज वाटली. चिठ्ठी लिहावी तर दादाचा तो लेखी अर्ज आठवतो. तेव्हा मी मला जे येतं ते करायला घेतलं. आठ बारीक माइक एका पट्टीवर बसवले, लॅबमधला जुना लॅपटॉप मागून घेतला, आणि ठरवलं की आईला हेडफोनमधून एका वेळी एकच माणूस ऐकवायचा. ज्याच्याकडे ती बघेल तो. आणि तिनं माझ्याकडे बघितलं की मी कुजबुजले तरी तिच्या कानात माझा आवाज धुऊन-पुसून पोचला पाहिजे. जेवणाच्या गर्दीतसुद्धा. गर्दीत मुद्दाम, कारण आम्हा दोघींचं खरं बोलणं नेहमी गर्दीतच झालं.

रीत आमच्या कामातलीच वापरली. सोळा जण बोलत असताना सगळे एकदम सोडवायला जायचं नाही. सगळ्यांत मोठा आवाज आधी पकडायचा, तो नेमका कसा होता ते जसंच्या तसं मांडायचं आणि एकूणातून वजा करायचा. मग उरलेल्यांतला मोठा, तोही वजा. असं करत करत तळाशी सगळ्यांत दबका हाती लागतो. पहिल्या वजाबाकीत चूक झाली तर मात्र ती झिरपत खाली जाते आणि शेवटच्या गरिबाच्या माथी बसते, घरातल्यासारखंच. आता जेवणाच्या टेबलावर मोठा आवाज कुणाचा? कुणीही दादाचाच म्हणेल. पण पट्टी आईच्या ताटापुढे, तिच्या हनुवटीपासून वीतभर. माइकला सगळ्यांत जोरकस आवाज आईचाच जाणार, तिनं हळू म्हटलं तरी. शिवाय माणसाला स्वतःचाच आवाज यंत्रातून ऐकवला तर हंड्यात तोंड घातल्यासारखा घुमतो, कुणालाही ते सोसत नाही. तेव्हा पहिली वजाबाकी आई. मग दादा, ताई, धाकटा, शेवटी मी. मी हा क्रम लिहिला आणि पुन्हा तपासला. त्यात काही चूक नव्हती. लॅबमध्ये कुणालाही दाखवला असता तरी मान डोलावली असती.

तीन रविवार चाचणीत गेले. हेडफोन आईला द्यायच्या आधी आपण ऐकून बघावं म्हणून मी तिच्या शेजारी बसून कानावर चढवायचे, जाडजूड, बाहेरचं काही आत न येऊ देणारे, आणि डोळे लॅपटॉपवर. धाकटा म्हणाला, "मौनी, जेवायला आलीयस की विमान चालवायला?" दादानं पट्टीला दोनदा आमटीचा डाव समजून बाजूला सारलं. मला त्याचं काही नाही. मला आतून दादा वेगळा ऐकू येत होता, ताई वेगळी, आणि तिसऱ्या रविवारी दादा टॅक्सवाल्यांच्या नावानं बोटं मोडत असताना, त्या सगळ्या गलक्याच्या खालून, माझाच आवाज मला ऐकू आला, "मीठ दे." साधं मीठ! मला रडू फुटायचं बाकी होतं. आता ती माझं ऐकणार, पुढच्या रविवारी, मीठ मागते तसं मी तिला सांगणार, कुणाला पत्ता लागणार नाही. सगळा आठवडा मी वाक्य जुळवत होते. बसमध्ये, लिफ्टमध्ये, लॅबच्या गच्चीवर अँटेनांचं ते पांढरं पाटुकलं वाऱ्यात थरथरत असताना. वरच्या अंगाचे दोन बोल्ट त्यानं आवळलेले आहेत, अजून सैल झालेले नाहीत, हे मी कुणाला सांगत नाही पण रोज हात लावून बघते.

चौथ्या रविवारी मी हेडफोन आईपुढे केले. तिनं ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको मला ते." मी म्हटलं, "अगं, एकदा लावून तर बघ." "नको म्हटलं ना. तुझं तुला लखलाभ. तू आपली घालून बस." सगळ्यांसमोर, आणि असल्या आवाजात की दादासुद्धा चमकला. ताई मला डोळ्यांनी सांगत होती, जाऊ दे, म्हातारपण. मी पट्टी गुंडाळली. मला एवढा राग आला होता की मी उभ्याउभ्याच निघाले, आणि खाली रस्त्यावर आल्यावर कळलं की मी तिला अच्छासुद्धा केलं नाही. तिच्यासाठी दीड महिना डोळे फोडले, आणि ही म्हणते तुझं तुला लखलाभ! बरं, नाही ऐकायचं तर नका ऐकू. दोघंही नका ऐकू. तोही तिकडे, तीही तिकडे. चालता चालता मी मोठ्यानं बोलत होते बहुतेक, कारण एका बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी यंत्र उसवायला घेतलं. शेजारच्या टेबलावरची, जी पंधरा वर्षं माझ्या बाजूला बसते आणि जिच्या डब्यात काय आहे ते मला वासावरून ओळखू येतं, ती म्हणाली, "टाकतेस कशाला? काय बिघडलं ते तरी बघ. गाळ बघितलास का?" वजा केलेल्या आवाजांच्या फाइलींना आम्ही गाळ म्हणतो. त्या जपून ठेवायच्या असतात, वजाबाकी नीट झाली का ते पडताळायला, पण कुणी त्या ऐकत बसत नाही. आलेखावर नजर टाकतो, बास. मीही तीन आठवडे तेवढंच केलं होतं. मी म्हटलं, गाळात काय असणार? तरी उघडली, पहिल्या रविवारची, पहिली वजाबाकी. हेडफोन लावले. आणि आई. एवढी स्वच्छ की मी मागे वळून पाहिलं. साहजिकच आहे, सगळ्यांत जोरकस आवाज सगळ्यांत आधी, सगळ्यांत चोख सुटून येतो, हे मीच नव्या लोकांना शिकवते. दादा नाही, ताई नाही, ताटांचा आवाज नाही, जगात दुसरं कुणीच नसल्यासारखी ती एकटी. चावल्याचा आवाज. पाणी प्यायली. "गरम आहे, सावकाश." हे धाकट्याला. मग कितीतरी वेळ काही नाही. मग एकदम हळू, अगदी माझ्यासारखं, खाली मान घालून बोलावं तसं, "तो टॉवरवाला येत नाही का गं आता?" थांबली. मी मोजलं नाही. "बारीक झालीस तू."

मी दुसऱ्या रविवारची फाइल उघडली. "मी विचारलं होतं तुला मागे. नसेल सांगायचं तर राहू दे." मग मध्येच दादाला, मोठ्यानं, "वाढ की तिला." आणि पुन्हा हळू, "काही भांडण झालं का? सांगितलंस तर बरं वाटेल. मलाही." तिसऱ्या रविवारी ती बराच वेळ गप्पच होती. श्वास तेवढा येत होता. सुमारे विसाव्या मिनिटाला म्हणाली, "माझ्यावर रागावलीस होय गं? मी बोलायला लागले की कानावर ते चढवून बसतेस." त्यानंतर त्या फाइलीत तिचं एकही वाक्य नाही. ती कुणाशीच काही बोलली नाही त्या दिवशी, मी शेवटपर्यंत ऐकलं. आणि त्याच दिवशी मी मीठ ऐकून हरखले होते! शेजारचीनं विचारलं, "सापडली का चूक?" मी म्हटलं, "हो." "कुठे?" मी म्हटलं, "आईला वजा केलं मी." ती म्हणाली, "ते तर करायलाच हवं ना, स्वतःचा आवाज घुमतो." "हो," मी म्हटलं, "तसं बरोबरच आहे." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मला पहिल्यांदाच मोठ्यानं उत्तर देता आलं, "आईकडे जायचंय," आणि अख्ख्या मजल्यानं माना वर केल्या.

दार उघडून तिनं मला पाहिलं आणि आधी माझ्या हातांकडे पाहिलं, यंत्र आणलंय का बघायला. हात रिकामे होते. बिछान्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग पडला होता, ती घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं. आम्ही एक चादर घडी केली, दुसरी केली. मी तिच्या उजव्या बाजूला सरकले आणि आठवडाभर जुळवलेलं वाक्य म्हणाले. "काय?" ती म्हणाली. मी पुन्हा म्हणाले. तिनं मान हलवली, ओठांकडे बघत राहिली. खिडकी उघडी होती, खालच्या मजल्यावरची बाई कठड्यावर सतरंजी झटकत होती. मी म्हटलं, मरू दे. "तो गेला, आई! बायकोकडे परत गेला! चार महिने झाले!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. खालचं झटकणं थांबलं. आईनं चादरीचं टोक छातीशी धरलं. "मी तुझ्यावर रागावले नव्हते! मला ऐकूच आलं नाही! मी तुझा आवाज..." आणि ते कसं सांगावं मला कळेना, तेव्हा मी नुसतंच ओरडले, "माझी चूक झाली!" तिनं ऐकलं. तिच्या तोंडावर ते सावकाश पोचताना मला दिसलं. ती म्हणाली, "खिडकी लावू का?" मी म्हटलं, "राहू दे!" ती पलंगाच्या काठावर बसली, चादर मांडीवरच, आणि मला हाताला धरून बसवलं. "तिला काय झालंय?" मी सांगितलं, ओरडून, आजाराचं नाव, दवाखाना, सगळं. "मग जायलाच हवं त्यानं," ती म्हणाली. "हो!" "फोन करतो?" "नाही! मीच नको म्हटलं!" "किती वर्षं होतं?" "नऊ!" "नऊ वर्षं," आई म्हणाली, "आणि मला एकदा दाखवलास, तोही खोकं ठोकायला." मग मी रडले, तेही मोठ्यानं, आणि तिनं रडू दिलं, पाठीवर हात फिरवत, मध्येच माझ्या खांद्यावरचा केस उचलून टाकत. खाली सतरंजी पुन्हा सुरू झाली, अगदी हळू, आमचं बोलणं ऐकू यावं म्हणून. थोड्या वेळानं आई म्हणाली, "दिसायला बरा होता." मी म्हटलं, "हो." तिला ते गेलं नसावं, कारण ती माझ्याकडे तशीच बघत होती. मग मी घशातून होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, "हो, आई! खूप बरा होता!"